व्हिडिओत नसलेले पाय

बाबांना मशीनमध्ये उभं करण्याआधी त्यांचे पाय मोजावे लागले. कमरेपासून गुडघा किती, गुडघ्यापासून टाच किती, कंबर किती रुंद. त्या मापाने मशीनचे दांडे पुढेमागे सरकवतात. फिजिओथेरपीच्या मॅडम टेप लावत होत्या, आणि तीन महिने कशातच लक्ष न घालणारे बाबा मान वाकडी करून टेपकडे बघत होते.

"मॅडम, टेप ढिला आहे तुमचा," ते म्हणाले. "ताणून धरा."

मॅडमनी टेप ताणला. आकडा अर्धा इंच बदलला. बाबांच्या चेहऱ्याची डावी बाजू अजून नीट हलत नव्हती, पण उजव्या बाजूने ते हसले. पक्षाघातानंतर मी पाहिलेलं ते पहिलं हसू, आणि तेही दुसऱ्याची चूक काढल्याचं. माझाच बाप तो, मला नवल वाटलं नाही.

बाबा जमीन मोजणी खात्यात होते. मेहकर तालुक्यात त्यांनी साखळी ओढली नाही असा बांध शोधून सापडायचा नाही. दोन सख्खे भाऊ हातात काठ्या घेऊन समोरासमोर उभे, आणि मधून बाबा शांतपणे चालत जाताहेत, हे मी लहानपणी एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. "साहेब, नाल्याले पाणी आहे, तिकडचा दगड जागच्या जागी आहे असं लिहून टाका," असं कोणी म्हटलं की ते पॅण्ट गुडघ्यापर्यंत दुमडून नाल्यात उतरायचे. जिथे पाय लागला नाही तिथली रेघ कागदावर ओढायची नाही, हा त्यांचा हट्ट. घरातही तोच कायदा. भिंतीला टेकून मी उंची मोजून घ्यायची, तेव्हा चोरून उचललेल्या टाचा त्यांना चष्म्याशिवाय दिसत. या माणसाला एका सकाळी न्हाणीत स्वतःचा डावा पाय सापडेना.

त्यानंतर आमच्या घरात लकव्याचे जाणकार येऊ लागले. कोणी कबुतराच्या रक्ताने मालिश करायला सांगितलं, कोणी कुठल्याशा गावची पुडी आणून दिली. मी लग्न केलेलं नाही, आईबाबांबरोबर राहते, शाळेत विज्ञान शिकवते आणि तोंडाची फटकळ आहे, अशी माझी गावात चार बाजूंनी ख्याती आहे. तिला जागून मी ती पुडी उकिरड्यावर टाकली. सगळ्यात जास्त मात्र आत्याने माझं डोकं फिरवलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. ती खेड्यावरून आली, पलंगाच्या पायथ्याशी बसली आणि बाबांच्या देखत म्हणाली, "आमच्या सासऱ्याचंही असंच झालतं. सात वर्सं बिछान्यात होते. आता असंच समजून घ्या बाप्पा, पाय काही येत नाही वापस."

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी आत्याला म्हटलं, "चहा पेऊन घ्या आत्या, थंडा होऊन राह्यला." मला म्हणायचं होतं ते याहून बरंच वाईट होतं. आईने ओळखलं आणि डोळ्यांनीच मला आत पिटाळलं.

आईने मात्र पहिल्याच दिवशी, डॉक्टरच्याही आधी, गावाबाहेरच्या मारोतीला गाठलं होतं. हे स्वतःच्या पायाने चालले की तुझ्या दारात रोडगे करीन, आणि हे चालत येऊन स्वतःच्या हाताने नारळ फोडतील, असा नवस. आमच्याकडे रोडग्यांचा नवस म्हणजे घरगुती गोष्ट नाही. कणकेचे मोठे गोळे गोवऱ्यांच्या आगीत भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण, आणि सगळ्या आप्तांना, शेजाऱ्यांना देवाच्या दारातच जेवायला बसवायचं. एक नियम पक्का. काम झालं की देवाला ताटकळत ठेवायचं नाही. मारोतीने आपलं केलं, आता आपण टाळाटाळ केली तर दिलेलं परत जातं, असं आई मानते.

संभाजीनगरच्या एका दवाखान्यात चालवणारं मशीन आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मी बिनपगारी रजा टाकली आणि दवाखान्याजवळ तळमजल्यावर एक खोली घेतली. आई आली नाही. सिंदखेडराजा यायच्या आत तिला गाडीत उलट्या सुरू होतात. तिने डबाभर शेव, अंगारा आणि सतरा सूचना दिल्या आणि ती मारोतीच्या भरवशावर मेहकरलाच राहिली.

ते मशीन म्हणजे पायांच्या बाहेरून घालायचे पाय. पाठीमागे एक पेटी, कमरेला जाड पट्टा, मांडीला आणि पिंढरीला पट्टे, तळव्यांखाली सपाट पत्रे, आणि खुब्याशी व गुडघ्याशी मोटारी. पडू नये म्हणून छताच्या रुळाला टांगलेला एक पट्टा छातीभोवती. मॅडमच्या हातात टॅब. बटण दाबलं की मोटार घुंई करते, गुडघा वाकतो, पाय पुढे जातो, खट्. मग दुसरा. पहिल्या दिवशी बाबा एवढे घाबरले की डावा पाय लाकडासारखा ताठ झाला, आणि मशीन टिटी करून थांबलं. पायाने अडवलं की ते ओढत नाही, थांबतं. मॅडम म्हणाल्या, "बाबा, त्याच्याशी भांडू नका. ते मदत करतंय." मग मला बाजूला घेऊन त्यांनी समजावलं की सुरुवातीला सगळी मेहनत मशीन करतं, पाय शिकत गेला की त्या मदत कमी कमी करत नेतात. बघणाऱ्याला फरक कळत नाही, माणूस सारखाच चालताना दिसतो.

हे मला नीट समजलं होतं. विज्ञान शिकवते मी. म्हणून पुढे जे केलं त्याला न समजल्याची सबब नाही.

पाचव्या आठवड्यात बाबा खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता गेले. मॅडमनी टाळ्या वाजवल्या. बाबांच्या कपाळावर घाम होता आणि डोळे समोर, बांधावरून चालताना असायचे तसे. त्याच दिवशी सकाळी आत्याने मला फोनवर विचारलं होतं, "अजून किती दिवस तिथं राहून शाळा बुडवतं वं? लोकं इचारून राह्यले." तो फोन कानात वाजत असताना मी मोबाइल काढला आणि बाबांचा व्हिडिओ घेतला. कमरेच्या वरचा. छातीवरचा पट्टा शर्टाच्या रंगात मिसळून गेला, वर जाणारा भाग डोक्यामागे लपला. चेहरा, खांदे, मागे सरकणारी खिडकी. आवाज बंद करून मी तो घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "बाबा चालले."

खोटं एक अक्षर नव्हतं. चाललेच होते. मला फक्त आत्याचं तोंड एक दिवस बंद करायचं होतं.

अर्ध्या तासात पन्नासेक हात जोडलेले, फुलं, मारोतीचे फोटो. आणि आईचा फोन. ती रडत होती आणि मधेच हसत होती. "शनिवार धरला मी. आचाऱ्याले सांगून टाकलं. सगळ्याइले सांगतलं."

"आई, जरा थांब ना. पक्कं होऊ दे."

"काऊन थांबू? चालले ना ते?"

मी म्हटलं, "हाव."

आजही तो "हाव" मला आठवला की हातातलं काम खाली ठेवावं लागतं. एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. आई, ते मशीनमध्ये चालले, मशीनबाहेर ते अजून माझ्या आधाराशिवाय उभेही राहत नाहीत. एवढंच. पण ती इतकी आनंदात होती, आणि मी लेकाची भित्री निघाले. फटकळ माणसं ऐन वेळी अशीच मुकी होतात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

संध्याकाळी आत्याने थेट बाबांना फोन लावला. "भाऊ, पाह्यलं आम्ही तुमाले चालतानी! मी म्हनत होती ना, होते सगळं बराबर." बाबांना काही कळेना. फोन ठेवल्यावर त्यांनी हात पुढे केला. मी व्हिडिओ लावून दिला. त्यांनी तो तीनदा पाहिला.

"पाय कुठी आहेत माहे?"

"मोबाइल जरा वर धरल्या गेला, बाबा."

त्यांनी पुन्हा एकदा पाहिला, फोन उशीशेजारी पालथा ठेवला आणि म्हणाले, "मले इचारून तं टाकायचा होता." आवाज चढला नाही. चढला असता तर मला भांडता आलं असतं.

मी म्हटलं, मी आईला आत्ता फोन करते, सगळं सांगते. त्यांनी मान हलवली. "फोनवर नको सांगू. ती एकटी आहे घरी. देवाले खोटं बोलली म्हनून घाबरीन. मी जातो, समोर बसून सांगतो." मला हायसं वाटलं, हेही कबूल करते. माझं लोढणं त्यांनी आपल्या गळ्यात घेतलं आणि मी ते घेऊ दिलं.

मॅडमनी शनिवार-रविवारची सुट्टी दिली, पण मला बजावलं. "चाकाची खुर्ची सोडायची नाही. मशीनमधलं चालणं वेगळं, जमिनीवरचं वेगळं. अजून तीन आठवडे मला द्या, मग काठीवर नेऊन बघू. पाय येतोय त्यांचा. घाई केली तर सगळं मागे जाईल." तीन आठवडे. इतकंच अंतर उरलं होतं.

शनिवारी सकाळी आम्ही भाड्याच्या गाडीने निघालो. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट मागितला. रस्ताभर ते खिडकीबाहेर बघत होते. मी विचारलं, "आईला आधी घरी गाठून सांगायचं ना?" ते "हाव" म्हणाले. पण घराला कुलूप होतं. आई पहाटेपासूनच मारोतीकडे गेली होती.

कडुनिंबाखाली गाडी थांबली तेव्हा गोवऱ्यांचा धूर सगळीकडे भरला होता. माणसं रोडगे उलटवत होती, मोठ्या गंजात वांगी शिजत होती. गाडी दिसताच सगळे उठून आले. साठेक माणसं असतील. बाबांच्या ऑफिसातले दोघं, शेजारचे, आत्याकडचे. गाडीपासून देवळाच्या पायरीपर्यंत सतरंजी अंथरली होती आणि माणसं तिच्या दोन्ही बाजूंना उभी राहिली. पायरीवर आई, हिरवं लुगडं, हातात नारळ. या पाच-सहा आठवड्यांत ती किती वाळली हे मला फोनवर दिसलंच नव्हतं.

मी मागे जाऊन खुर्ची काढायला डिकी उघडली.

"खुर्ची कायले आनली वं?" आई तिथूनच म्हणाली. ती हसत होती.

मी बाबांकडे बघितलं. आता बोलतील म्हणून थांबले. बाबा आईकडे बघत होते. मग माझ्याकडे. मला वाटतं, त्या क्षणी त्यांनी हिशोब केला की खरं सांगितलं तर या साठ माणसांत कोणाची मान खाली जाईल. त्या ओळीत माझ्या शाळेतल्या बाईही उभ्या होत्या.

"राहू दे ते," ते म्हणाले, आणि उजवा पाय गाडीबाहेर ठेवला.

मी हात दिला. त्यांनी तो चांगल्या हाताने बाजूला केला. माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. ते खरंच चालत नाहीत हो, मी खोटं दाखवलं. नऊ शब्दही नसतील. मी बोलले नाही. गाडीच्या दाराला धरून बाबा उभे राहिले, दार सोडलं, आणि चालले.

चार पावलं. उजवा पाय, मग कमरेतून झोका देऊन फेकलेला डावा. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. कोणीतरी "बजरंगबली की" म्हटलं आणि सगळ्यांनी "जय" केलं. पाचव्याला डावा पंजा उचललाच गेला नाही. सतरंजीची कड बोटांत अडकली आणि बाबा उजव्या अंगावर, सगळा भार चांगल्या हातावर घेत पडले. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

त्यांना उचलताना मला आत्याचा आवाज येत होता, "काऊन पडला माय? चालून तं राह्यला होता." आई पायरीवरून हलली नाही. नारळ तसाच हातात. ती देवळाच्या आत बघून म्हणाली, "माह्याच्यानं काय चुकलं?"

उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर. डावा हात पक्षाघाताने गेलेला, उजवा प्लास्टरमध्ये. मशीन बंद, व्यायाम बंद. मी त्यांना भरवायची, दाढी करून द्यायची, बाकीचंही सगळं करायची. त्यांनी एकदाही मला काही ऐकवलं नाही. डॉक्टरांनी कसे पडलात विचारलं तेव्हा म्हणाले, "सतरंजी नीट नव्हती टाकली."

आई दर शनिवारी पाणीसुद्धा न पिता उपास धरू लागली. कणीक मळताना बाहेर कोणी शिंकलं होतं का, नारळाला तडा होता का, याचा ती दिवसभर शोध घ्यायची. तिसऱ्या शनिवारी तिला चक्कर आली. मी तिला ओट्याशी बसवलं आणि सांगितलं. व्हिडिओ, मशीन, आवाज बंद केला ते, आणि तो "हाव".

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "म्हंजे मारोतीचं काही चुकलं नाही."

"नाही."

"मी उगाच त्याले बोल लावून राह्यली होती." तिने पाण्याचा तांब्या उचलला आणि उभ्या उभ्या सगळा रिकामा केला. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ते गॅस संपल्याचं.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही परत संभाजीनगरला आलो. तीच खोली, तेच मशीन, त्याच मॅडम. त्या मला रागावल्या नाहीत, फक्त रजिस्टरमध्ये जुनी पानं उलटून मागच्या नोंदी बघितल्या आणि पुन्हा पहिल्या आकड्यावर मशीन लावलं. पट्टे आवळले. बटण दाबलं. मोटार घुंई झाली, आणि बाबांचा पाय ताठ झाला. टिटी. पुन्हा दाबलं. पुन्हा टिटी. मॅडम म्हणाल्या, घाबरू नका, वर पट्टा आहे, पडूच शकत नाही. बाबांना ते कळत होतं, पायाला कळत नव्हतं. चार दिवस असंच चाललं. मी समोर भिंतीशी उभी राहून "शाबास बाबा, या, अजून थोडं" म्हणत होते. शाळेत पोरांना म्हणते तशी. माझं तोंड हसून हसून दुखायचं.

पाचव्या दिवशी मशीन थांबल्यावर बाबांनी मॅडमना हाताने खूण केली. घामाने शर्ट अंगाला चिकटला होता. मॅडम टॅब खाली करून थांबल्या.

"हिले बाहेर जाऊ द्या," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, "काऊन बाबा? मी काही बोलत नाही, इथंच उभी राहते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मी या सगळ्यात किती वेळा म्हटलंय कोण जाणे.

"तू समोर असली का मले चालून दाखवा लागते, बाई," ते म्हणाले. "दाखवनं होत नाही आता माह्याच्यानं. तू बाहेर बस."

मी बाहेर बाकावर बसले. दार लोटलेलं होतं आणि त्याला वरच्या बाजूला काच होती. उठलं असतं तर दिसलं असतं. शेजारी एक बाई आपल्या नवऱ्याला केळं भरवत होत्या, त्यांनी विचारलं, तुमचे आत आहेत का. मी हो म्हटलं. आतून मोटारीचा आवाज आला. मग टिटी. बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा घुंई, आणि खट्. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. पुन्हा घुंई. खट्.

पाऊण तासाने मॅडम बाहेर आल्या.

"चालले," त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडून एकदम निघालं, "किती?"

मॅडमनी टॅब छातीशी धरला. त्यांना अवघडल्यासारखं झालं होतं. "ते तुम्हाला सांगू नका म्हणालेत."

मी बरं म्हटलं.